फ्लॉपीत अडकलेल्या ओव्या: १९९८ च्या पेजमेकर फाइली आज कशा वाचायच्या?

शहापूरची डीटीपीवाली

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते. १९९६ पासून पंधरा वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं, काम केलं. आधी खडेबाजारातल्या एका सेंटरवर नोकरी, मग घरीच एक मशीन घेऊन. लग्नपत्रिका, पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका हे बारा महिने असायचंच, पण माझं आवडतं काम म्हणजे गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. कडोली, उचगाव, येळ्ळूर या बाजूला हिवाळ्यात संमेलनं भरतात हे इथल्यांना सांगायला नको. अशा पाच-सहा गावांच्या स्मरणिका मी अक्षर अन् अक्षर लावल्या आहेत. नववीतल्या मुलीची पहिली कविता, निवृत्त मास्तरांनी लिहिलेला गावचा इतिहास, गावच्या भातांच्या जातींवर एका शेतकऱ्याने लिहिलेला लेख. हे दुसरीकडे कुठेही छापलं गेलेलं नाही. प्रती निघायच्या तीनशे-चारशे. आज त्या गावांत विचारलं तर एखाद्या घरी पोटमाळ्यावर सापडते, तीही वाळवीने खाल्लेली.

आणि दुसरी गोष्ट घरची. माझ्या सासूबाईंचं माहेर कणकुंबीकडचं, पहिलं बिऱ्हाड खानापूरजवळ नदीकाठी, मग शहापूर. त्यांना जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ. दुपारी शेजारचे माग थांबले की त्या म्हणायच्या आणि मी टाईप करायची. "एवढं काय टाईप करूलालीस, कोण वाचणार?" असं विचारायच्या, पण एखादी ओळ माझ्याकडून सुटली की लगेच थांबवून परत म्हणायच्या. १९९८ आणि ९९ मध्ये मिळून ४१२ ओव्या झाल्या. त्यातल्या साठेक एका स्मरणिकेत छापल्या, बाकीच्या फक्त फाइलीत आहेत. सासूबाई २००९ मध्ये गेल्या. आवाज टेप केलेला नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

आता अडचण. सगळं पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, अकरा फ्लॉपी आणि दोन सीड्यांवर. मराठीसाठी जे सॉफ्टवेअर वापरायचो त्याला लॉक होतं. प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचा एक छोटा डबा, तो लावल्याशिवाय मराठी टाईपच व्हायचं नाही. ते लॉक २००८ मध्ये बिघडलं. विचारलं तर नवीन आवृत्ती विकत घ्या म्हणाले, किंमत माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. पुढे मशीन दुरुस्तीला दिलं तर दुकानदाराने न विचारता फॉरमॅट करून परत दिलं.

भाच्याने एक सीडी लॅपटॉपवर उघडली. ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, डॉलर, कंस. त्याने नेहमीचा मराठी फॉन्ट लावून बघितला, काही फरक नाही. त्याचं म्हणणं, "मामी, फाइल खराब झालीय." मला ते पटत नाही. खराब झालेल्या फाइलीत ओळींची लांबी ओवीसारखी कशी असेल? दोन ओळी, मग मोकळी जागा, परत दोन ओळी, तसंच दिसतंय.

माझे प्रश्न: फ्लॉपी आज कशा वाचायच्या? ती अक्षरं परत मराठी होतील का? आणि झाली तर ती अशी कुठे ठेवावीत की पुन्हा कुठल्या डब्यावाचून अडायला नको?

खानापूर रिपेअर

ताई, पहिली विनंती म्हणजे आत्ता एकही फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका.

मी खानापुरात टीव्ही, यूपीएस, मदरबोर्ड दुरुस्त करतो. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कपाटातली चप्पल बुरसते, तशी फ्लॉपीही बुरसते. धातूची पट्टी बाजूला सरकवून आतली तपकिरी चकती हाताने फिरवा आणि उजेडात बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड ती बुरशी खरवडत जातं आणि खालचा थरही उचलतं. वर हेड घाण झालं की पुढची चांगली फ्लॉपीही जाते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अगदी हलक्या हाताने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच ड्राइव्ह.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह अजून मिळतात. विंडोजमध्ये उघडून फाइल कॉपी करायला जाऊ नका, एक जागा वाचता आली नाही की ते सगळंच सोडून देतं. विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातलं डीडीरेस्क्यू वापरा. ते फुकट आहे. ते फाइली बघत नाही, अख्ख्या फ्लॉपीची नक्कल काढतं. एका फ्लॉपीवर २,८८० सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे खण, प्रत्येकात ५१२ बाइट. जे सहज वाचता येतं ते आधी घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग त्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ड्राइव्ह बदलून त्याच नोंदीवरून पुढे चालवता येतं, कधी दुसऱ्या ड्राइव्हला तोच सेक्टर दिसतो. एकदा नक्कल निघाली की फ्लॉपी बाजूला ठेवा, पुढचं सगळं काम नकलेवर.

जमलं नाही तर इकडे घेऊन या, माझ्याकडे दोन जुने ड्राइव्ह चालू स्थितीत आहेत. पैसे नकोत. माझी आईही त्याच पट्ट्यातली.

निपाणीचा मास्तर

ताई, फाइल खराब नाही. तुमची शंका बरोबर आहे, आणि ती ओळींच्या लांबीवरून आली याचं मला फार कौतुक वाटलं.

काय झालंय ते सांगतो. त्या काळचे बहुतेक डीटीपी फॉन्ट संगणकाला फसवायचे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर असायचं, फॉन्टमध्ये फक्त त्या अक्षराचं चित्र बदलून तिथे देवनागरी आकार बसवलेला असायचा. फाइलीत मराठी कधी गेलंच नाही, फक्त आकडे गेले. एका फॉन्टमध्ये असे २५६ आकडे, त्यातले पहिले ३२ वापरता येत नाहीत. उरलेल्या सव्वादोनशेच्या आत सगळी मराठी बसवायची, म्हणून अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग वेगळा, काना वेगळा, वेलांट्या दोन-तीन रुंदीच्या, रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला आणखी वेगळा. आणि प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या मर्जीने वेगवेगळ्या आकड्यांवर ठेवले. म्हणून भाच्याने दुसरा फॉन्ट लावून उपयोग झाला नाही.

कुठल्या अक्षराला कुठला आकडा याचं प्रमाण तेव्हा नव्हतं असं मात्र नाही. इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, जगभरच्या लिप्यांचं प्रमाण असलेल्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा आहेत आणि अर्ध्या अक्षरांना एकही स्वतंत्र जागा नाही. अर्धं अक्षर म्हणजे अक्षर अधिक हलन्त, चित्र कसं काढायचं ते फॉन्टने ठरवायचं. छापखान्यांपर्यंत हे पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली, कारण पेजमेकरला ते कळतच नव्हतं.

सीमाभागातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, त्यामुळे देवनागरीच्या रांगेत क ज्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसलाय, कन्नडच्या रांगेत कन्नड क त्याच क्रमांकाच्या खुर्चीवर आहे. ख च्या समोर ख, म च्या समोर म. इनस्क्रिप्ट कळफलकावरही तसंच, मराठी आणि कन्नड दोन्ही क एकाच कळीवर. मी वर्गात दोन्ही भाषांची मुलं शेजारी बसवून हे करून दाखवतो.

आता उपाय. लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरची २०१५ मधली ४.४ आवृत्ती आली तेव्हापासून त्यात पेजमेकरच्या फाइली उघडतात. ते काम स्वयंसेवकांनी केलंय, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधले दस्तऐवज सोडवायचे म्हणून. तुमची फाइल लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून 'फ्लॅट एक्सएमएल' प्रकारात जतन करा. साधा मजकूर म्हणून काढू नका! स्मरणिकेत दुकानदारांच्या कन्नड आणि इंग्रजी जाहिराती असणार. कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती टिकली नाही, तर इंग्रजी फोन नंबरचंही मराठी करायला जाल.

मग पायथनमध्ये छोटा प्रोग्राम. आधी आकड्याला अक्षर, आणि त्यात लांब जोड्या आधी, म्हणजे 'क्ष' चे तुकडे सुटे होणार नाहीत. मग क्रम दुरुस्त करायचा, खरी मेहनत इथे आहे. 'स्थिती' मधली ऱ्हस्व वेलांटी डीटीपीत सगळ्यांच्या आधी टाईप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती स आणि थ दोन्ही उच्चारून झाल्यावर येते. रफाराचं उलट. 'कीर्तन' मध्ये तुम्ही त नंतर रफार द्यायचात, युनिकोडला र आधी हवा. 'वर्षा' मध्ये तर रफार काना ओलांडून मागे न्यावा लागतो.

हे सगळं करायला एकच वस्तू हवी: कुठल्या आकड्यावर कुठला तुकडा, त्याचा तक्ता. सीडीवर फॉन्टची फाइल असेल तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट उघडून बघायच्या प्रोग्राममध्ये दिसेल. आणि एक विचारतो, त्या वेळी कळफलकावर नसलेली अक्षरं तुम्ही ऑल्ट दाबून आकडा मारून काढत असाल. त्याचा कागद असायचा ना, मॉनिटरला चिकटवलेला?

शहापूरची डीटीपीवाली

दादा, कागद आहे!

मॉनिटरला चिकटवलेला फाटला होता, पण त्याआधी मी तो वहीत उतरवून ठेवला होता, सेंटरवर नवीन मुली येतात त्यांना शिकवायला. १३६ आकडे माझ्या अक्षरात आहेत, प्रत्येकापुढे अक्षर आणि एक उदाहरण. 'द्ध' पुढे 'शुद्ध', 'ह्य' पुढे 'सह्याद्री'. वही भरतकामाच्या डब्यात होती. तुमचं वाचून रात्री अकराला माळ्यावरून डबा काढला.

नऊ दिवसांनी लिहितेय, तर काय काय झालं ते सांगते. फ्लॉपी घेऊन खानापूरला गेले. अकरापैकी आठ पूर्ण निघाल्या. एकीवर ३७ सेक्टर अडले होते, दुसऱ्या ड्राइव्हवर घातल्यावर त्यातले एकतीस आले. दोन गेल्याच, चकतीवरचा थरच उडालाय. त्यात काय होतं ते माझ्या लेबलावरून कळतं, एका गावची १९९९ ची स्मरणिका. त्या गावात छापील प्रत शोधायला निरोप ठेवलाय. सापडली तर पानं स्कॅन करून टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रामने चित्रातून मजकूर काढता येतो, त्यात मराठीही आहे, असं भाचा सांगतोय.

सीडीवर फॉन्टची फाइल मिळाली. वहीतला तक्ता आणि फॉन्टमधले आकार समोरासमोर ठेवून भाच्याने उरलेले आकडे भरले, मी शेजारी बसून अक्षरं ओळखली. त्याला 'ङ्ग' आणि 'ड्ग' यातला फरक सांगावा लागला. पाच दिवसांत प्रोग्राम झाला आणि पहिली ओवी पडद्यावर आली:

पहिली माझी ओवी, मलप्रभेच्या पाण्याला
दर्यादर्यांतून आलं बाई, माहेर माझं सांगायला

वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच थांबले. दर्या? सासूबाईंनी समुद्र उभ्या आयुष्यात एकदा पाहिला होता. त्या म्हणायच्या दऱ्या, कणकुंबीच्या दऱ्या. माझ्या वहीत तो अर्धा र, आडव्या रेघेचा, वेगळ्या आकड्यावर आहे आणि भाच्याने तो रफारात धरला होता. मास्तर, हे नीट कसं करायचं?

निपाणीचा मास्तर

अगदी मराठीचीच जागा पकडलीत. हिंदीवाल्यांच्या तक्त्यांत हा अर्धा र बहुतेक नसतोच, म्हणून तयार कन्व्हर्टरमध्ये दऱ्यांचा समुद्र होतो आणि 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होतं. स्वयंपाक्याचा गुरू! युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आहे. ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. तुमच्या वहीतला तो आकडा याला जोडा आणि क्रम बदलणाऱ्या नियमातून तो वगळा, कारण हा र मुळातच जागेवर आहे, रफारासारखा मागे न्यायचा नाही. मग कुऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, वाऱ्यावर हे शब्द शोधून तपासा.

आणि एक मागणी आहे. तुमचा तक्ता आणि भाच्याचा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली ठेवा, म्हणजे कुणालाही तो घेता, बदलता आणि वाटता येईल. तो फॉन्ट वापरणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हतात. संकेश्वरात, चंदगडात, निपाणीत अशा फ्लॉपी घराघरांत पडून आहेत, आणि तुम्ही वहीत उतरवलेले ते १३६ आकडे दुसऱ्या कुणी लिहून ठेवले असतील असं मला वाटत नाही.

टिळकवाडीचा जुना क्लासवाला

लॉकचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

१९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेसर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होते. आधीच्या प्रिंटरला त्यांनी सोय करून दिली होती, कागद अडकला की ज्याचं काम अडलंय त्याला पडद्यावर निरोप जाई. नव्याला तसं करायचं तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हवा. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी करारावर सही केलेली, देणार नाही म्हणाले. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमननी जीएनयूची घोषणा केली त्यामागे हा अनुभव होता. खानापूरच्या दादांनी ज्याने तुमच्या फ्लॉपी वाचल्या ते डीडीरेस्क्यू त्याच जीएनयूतलं. आणि ते ज्यावर चालतं तो लिनक्स ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी जीएनयूच्या परवान्याखाली आणला.

आमच्या क्लासमध्ये पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. इंटरनेटवरून एवढं उतरवणं तेव्हा बेळगावात अशक्यच. एक सीडी पंधरा मुलांत फिरायची, मुलं ती कॉपी करायची आणि मला येऊन विचारायची, "सर, हे चालतं ना?" चालतं, परवान्यातच तसं लिहिलंय, हे सांगताना मला दरवेळी आनंद व्हायचा. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरबद्दल मी त्यांना नाही म्हणत आलो होतो.

वाचनालयातला माणूस

ताई, कुठे ठेवायचं हा तुमचा तिसरा प्रश्न राहिला. माझी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यातलं जे कळतं ते सांगतो.

स्मरणिका आणि ओव्या वेगळ्या धरा. स्मरणिका छापून प्रसिद्ध झालेल्या आहेत, त्या मराठी विकिस्रोतात बसतात. तिथे डाव्या-उजव्या बाजूला पानाचं चित्र आणि मजकूर ठेवून तपासता येतं. तपासणी झालेलं पान पिवळं दिसतं आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही, हे मला फार आवडतं. छापखान्यात प्रूफं दोघांनी वाचायची पद्धत होती तीच ही.

पण घाई करू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नववीतली ती मुलगी आज चाळिशीच्या आसपास असेल, तिला विचारायला हवं. मुक्त परवाना म्हणजे कुणीही घेऊन पुन्हा छापू शकतो, हे साध्या मराठीत समजावून लेखी संमती घ्या. जे सापडणार नाहीत त्यांचं लेखन फाइलीत जपून ठेवा, चढवू नका.

अप्रकाशित ओव्या विकिस्रोत घेणार नाही. त्यासाठी इंटरनेट आर्काइव्ह बरं. आणि ओव्यांचं काम कसं करावं याचा नमुना बघायचा असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांचा बघा. त्यांनी खेडोपाडी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर, येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. तुमच्या फाइलीत सासूबाईंचं नाव, माहेर, सासर, कुठल्या वर्षी म्हटली, हे प्रत्येक ओवीपाशी लिहा. पानाच्या वर एकदा लिहिलं आणि पुढे कुणी एकच ओवी उचलली, तर नाव मागे राहतं.

शहापूरची डीटीपीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दऱ्या जागेवर आल्या. कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर तिन्ही तपासले.

रविवारी नणंद वडगावहून आली होती. ४१२ ओव्या छापून तिच्या हातात दिल्या. ती वाचेना, म्हणायलाच लागली, आईंच्याच चालीत. पहिल्याच ओवीला थांबली. "आई 'सांगायला' नव्हती म्हणत, 'पुसायला' म्हणायची. माहेर माझं पुसायला." मला तर १९९८ मधली ती दुपार आठवते, सासूबाई 'सांगायला' म्हणाल्या आणि मी तेच टाईप केलं. आम्ही बराच वेळ बोललो. नणंदेने ऐकलं ते लहानपणी, पहाटे, जात्यावर. मी ऐकलं ते त्यांच्या सत्तरीत, दुपारी, खुर्चीवर. दोन्ही पाठ ठेवलेत, कुणाकडून आणि कधीचा ते प्रत्येकापुढे लिहून. अशा ओव्या एकोणीस निघाल्या. आणि यावेळी भाच्याने नणंदेचा आवाज टेप केला, अडीच तास.

तक्ता आणि प्रोग्राम आज रात्री जीएनयूच्या परवान्याखाली चढवतोय. वहीच्या त्या सहा पानांचे फोटोही सोबत ठेवतेय, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर कुणालाही पडताळता येईल. संमतीची पत्रं सोमवारपासून, सुरुवात कडोलीच्या बाजूने.

एकच राहिलंय. तीन स्मरणिकांमधल्या कन्नड जाहिराती दुसऱ्याच फॉन्टमध्ये आहेत आणि तो फॉन्ट सीडीवर नाही. त्या वेळी कन्नडचं काम करणाऱ्या कुणाकडे आकड्यांचा कागद असेल तर कृपया कळवा. धारवाड, हुबळीपर्यंत मी स्वतः येऊन उतरवून घेईन.